किमान दोन माणसं

तो उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवायचा आणि म्हणायचा, "पलीकडनं आलेलं खरं धरायचं नाय, शेठ."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही. चहा आला आणि कोणी म्हणालं की गरम आहे, तर तो आधी कपाला बोट लावून बघायचा. लाइट आली असं कोणी सांगितलं, तर उठून पंख्याचं बटण दाबायचा. एकदा आमच्या बाळाराम ड्रायव्हरने गाळ्यात डोकावून त्याला सांगितलं की तुमच्या मोटरसायकलचं मागचं चाक बसलंय. हा बाहेर गेला, चाकावर अंगठा दाबून बघितला, परत आला आणि म्हणाला, "खराय."

बाळाराम चिडला. "मी काय खोटा बोलतो?"

"खोटा नाय रे. पन चाक माझं हाय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण संशयी माणूस माणसावर संशय घेतो. याचा तसा कोणावरच संशय नव्हता. येणारी प्रत्येक गोष्ट दारात थांबवून एकदा बघायची, एवढीच त्याची सवय होती आणि तेच त्याचं पोटापाण्याचं काम होतं.

माझा धंदा पाण्याच्या टँकरचा. शहापुरात टायरच्या दुकानामागे माझा गाळा आहे. मी सुरुवात केली ट्रकवर क्लीनर म्हणून, आज दारात सहा टँकर उभे असतात. होळी झाली की डोंगरातल्या पाड्यांच्या विहिरी तळाला जातात. आमच्या भागातल्या धरणांचं पाणी मुंबईकडे जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते पिऊनच तुमच्यातले बरेचजण हे वाचत असतील. पाड्यांना मात्र माझे टँकर लागतात. डोळखांबकडचे पाडे आणि पलीकडे मुरबाडच्या अंगाला वैशाखऱ्यापर्यंत, अशा आमच्या खेपा चालतात.

पूर्वी सगळं वहीत असायचं. ड्रायव्हर लिहील ती खेप. मग टँकरचं काम देणाऱ्या सरकारी कचेरीतून सांगितलं की वही चालणार नाही. कुठल्या पाड्यावर, कधी, किती पाणी पोचलं ते वेबवर दिसलं पाहिजे. मी माणूस शोधायला लागलो तेव्हा कोणीतरी याचं नाव सुचवलं. हा किन्हवलीचा. बरीच वर्षं मुंबईच्या एका कंपनीत वेबचे प्रोग्राम लिहायचा. आई आजारी पडली म्हणून घरी आला. आई गेली, हा राहिला.

मी घासाघिशीचा माणूस आहे. समोरच्याने आकडा सांगितला की मी आधी हसतो, मग खुर्ची मागे सरकवतो, मग उठायला लागतो. उठता उठता भाव ठरतो. याने उलट मलाच आकडा विचारला. मी मुद्दाम निम्मा सांगितला. तो म्हणाला, "चालेल." मी खुर्ची मागे सरकवलेलीच होती, ती परत पुढे घ्यावी लागली.

मला ते लागलं. भाव करणं म्हणजे समोरच्याशी चार शब्द जास्त बोलणं, त्याला आपल्या बरोबरीचा मानणं. हा माणूस माझ्याशी भांडायलाच तयार नव्हता. त्याच्याविषयी माझ्या मनात जी तक्रार आहे ती तिथूनच सुरू झाली आणि अजून मिटलेली नाही.

पैशात तो एवढा मऊ, पण कामात तसूभर हलायचा नाही. मी म्हणालो की ड्रायव्हरला सहा रकाने भरायला लावू नकोस, तीन कर. तो म्हणाला, सहाच लागतील. मी पाचवर आलो. तो सहावरच बसला.

त्याने मला काम समजावलं ते अजून आठवतं. मोबाइलवर जे पान दिसतं त्यावर ड्रायव्हर काहीही लिहील, कारण मोबाइल त्याच्या हातात आहे. सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे जमा होतात तो कम्प्युटर, आपल्या हातात आहे. म्हणून तपासणी पानावर करायची ती नुसती सोय म्हणून. खरी तपासणी सर्व्हरवर. खेप नोंदवणे, घर जोडणे, पाडा बंद करणे, अशा प्रत्येक कामाचं सर्व्हरवर एक वेगळं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढ्या कामापुरता तुकडा, आणि प्रत्येक फंक्शनच्या दारात पहारा. पाड्याच्या जागी यादीतला पाडाच पाहिजे, आकड्याच्या जागी आकडाच, वेळेच्या जागी वेळच. एकाच्या जागी दुसरं आलं तर दार उघडत नाही.

आमच्या ड्रायव्हरांना हे जड गेलं. वहीत ते वेळेच्या रकान्यात "जेवल्यावर" लिहायचे. पाणी किती, तर "फुल". पहिल्या आठवड्यात बाळारामचा फोन येऊन गेला की मशीन फुल घेत नाय. याने त्याला सांगितलं, "फुल म्हंजे किती ते तुला माहीत हाय, मला माहीत हाय, त्याला नाय. त्याला आकडा दे." पुढे बाळारामने एक युक्ती काढली. खेप उशिरा झाली की तो मोबाइलचं घड्याळ दोन तास मागे घ्यायचा. तिसऱ्या दिवशी त्याला समजलं की नोंदीत खरीच वेळ पडते आहे. सर्व्हर मोबाइलचं घड्याळ बघतच नव्हता, स्वतःचं बघत होता. बाळाराम गाळ्यात येऊन याच्या पाया पडायला लागला, अर्धा चेष्टेने. हा लाजून मागे सरकला.

प्रोग्राम लिहिताना मी त्याच्या खांद्यामागे उभा राहायचो. पडद्यावर मधेच एखाद्या शब्दाखाली लाल रेघ उमटायची. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला की मी पाड्याच्या जागी आकडा द्यायला गेलो, म्हणून चालवायच्या आधीच तो ओरडतोय. "लिहिताना माझी चूक होते ती ही रेघ पकडते. पाठवताना दुसऱ्याची होते ती दारात पकडायची."

"आन दोन्हीतनं सुटली तर?"

त्याने तळहात टेबलावर ठेवला, पण नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. म्हणाला, "मग जाऊन बघायला लागतं."

आमचं पहिलं भांडण झालं ते मागच्या दारावरून. भांडण म्हणजे माझ्याकडून. माळशेजच्या रस्त्यावर एक टँकर बंद पडला. खेप दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होती, पण मला ती आजच्या तारखेत दाखवायची होती. पाणी तर पोचणारच होतं, लबाडी काही नव्हती. मी त्याला म्हणालो, माझ्यापुरती एक वाट ठेव, जिथे मी लिहीन ते तो न विचारता घेईल.

तो म्हणाला, असं दार ठेवलं तर पुढच्या दाराला अर्थ राहत नाही.

माझा आवाज चढला. "मालक मी का तू?"

"मालक तुमीच, शेठ. पन त्याला मालक वळखता येत नाय. त्याला फक्त खेप वळखता येते."

मी टेबलावरचा फळा, म्हणजे ज्यावर तो नियम लिहायचा ती पांढरी पाटी, उचलून भिंतीशी फेकली. ती फुटली नाही, प्लास्टिकची होती. तो खाली वाकला, पाटी उचलली, पुसली, जागेवर ठेवली आणि निघून गेला.

चार दिवस आला नाही. मला वाटलं, आता भाव करायला लागला. समोरचा रुसला की मला बरं वाटतं. रुसलेल्या माणसाशी बोलणी करता येतात. मी मनात सगळी वाक्यं तयार करून किन्हवलीला गेलो.

तो रुसलेला नव्हता. तापाने पडला होता. दार नुसतं लोटलेलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "या शेठ," आणि उठायला लागला. घरात एक खाट, एक टेबल, त्यावर कम्प्युटर, बाहेर पडवीत मोटरसायकल. स्वयंपाकघरात फळीवर स्टीलचे डबे ओळीने आणि प्रत्येकावर कागद चिकटवलेला. तांदूळ. नाचणी. तूरडाळ. हळद. मी उगाच हळदीचा डबा उघडून बघितला. हळदच होती. तो खाटेवरून माझ्याकडे बघत होता. त्याला त्याचं फार कौतुक वाटलेलं दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासारखा वागलो होतो.

मी नको म्हणत असताना त्याने चहा केला. घरात एकच कप होता, त्याच्या आईचा, कडेला निळी रेघ असलेला. तो त्याने मला दिला. स्वतः वाटीतून प्यायला.

मी विचारलं, चार दिवस ताप आहे तर कोणाला कळवलं का नाहीस. तो म्हणाला, "कोनाला कळवनार?" यात कुरकूर नव्हती. खेप कुठे पोचली ते सांगावं तशी ती माहिती होती. मी ती ऐकली, चहा संपवला आणि कामावर कधी येतोस ते विचारून परत आलो.

आता ती गोष्ट सांगतो ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी घरटी वाटायचं ठरलं. पाड्यातल्या घरांची यादी करायची, प्रत्येक घराला ठरावीक पिंप. यादी आली आणि माझं डोकं फिरलं. जिथे मला चाळीस घरं माहीत होती तिथे साठ निघाली. भाऊ वेगळा, सासू वेगळी, एकाच चुलीवर जेवणारे चारजण यादीत चार घरं. पाण्यासाठी लोक असं करतात, मी त्यांच्या जागी असतो तर मीही केलं असतं. पण टँकर माझा होता आणि त्यात मावेल एवढंच पाणी होतं. यादीत एकएक माणसाची घरं भरपूर होती. मी त्याला सांगितलं, "एकट्या मानसाचं घर म्हंजे बोगस. घरात किमान दोन मानसं, तर ते घर. असा नियम टाक."

त्याने विचारलं, "जाऊन बघितलं का?"

मी म्हणालो, या डोंगरात तू शाळेत होतास तेव्हापासून मी फिरतोय, मला काय जाऊन बघायला लावतोस. एकटं कोण राहतं? पाड्यावर कोणी एकटं राहत नाही. कोणीतरी सख्खं नाहीतर चुलत असतंच.

त्याने तळहात टेबलावर ठेवला. मी वाट बघत होतो की आता तो ते वाक्य म्हणेल, मग मी चिडेन, मग आमचं जुंपेल आणि शेवटी काहीतरी मधलं ठरेल. तो कम्प्युटरकडे वळला आणि घर जोडण्याच्या फंक्शनमध्ये एक ओळ लिहिली. माणसं, आकडा, किमान दोन. लाल रेघ उमटली नाही.

मी म्हणालो, "झालं ना बरोबर?"

"बरोबर लिव्हलंय," तो म्हणाला. "खराय का ते मला माहीत नाय."

यादी साठावरून त्रेचाळीसवर आली. मला आनंद झाला. त्या दिवशी मी सगळ्यांना भजी खायला घातली. त्याने दोन खाल्ली.

डोळखांबच्या वर एक कातकरी वाडी आहे. सात-आठ घरं. दिवाळीनंतर ती माणसं वीटभट्टीवर जातात ती पाऊस जवळ आल्यावर परततात. ज्या पाड्यातली सगळी माणसं भट्टीवर गेली तिथे रिकामी खेप जाऊ नये म्हणून प्रोग्राममध्ये सोय होती. चालू घर एकही उरलं नाही की पाडा आपोआप बंद. या वाडीत एक म्हातारी मागे राहिली होती. तिच्याने चालवत नव्हतं, म्हणून मुलगा-सून तिला नाचणीचं पीठ आणि सुकी मासळी ठेवून गेले होते. यादीत तिचं घर होतं. माणसं, एक. माझ्या नियमाने ते गळलं. ते गळल्यावर वाडीत चालू घर उरलं नाही. वाडी बंद झाली.

बाळाराम वरच्या पाड्याची खेप घेऊन त्याच रस्त्याने जायचा. टँकर पूर्वी ज्या वळणावर थांबायचा तिथे त्याला म्हातारी दिसायची, शेजारी रिकामा हंडा. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, कोणाची तरी वाट बघत असेल. पुढे त्याने मला फोन केला. मी विचारलं, मोबाइलवर वाडीपुढे काय दिसतंय? तो म्हणाला, बंद. मी म्हणालो, मग बंद. त्याला मागचं दार नव्हतं आणि आता मलाही नव्हतं.

मग बाळारामने याला सांगितलं. हा त्याच वेळी मोटरसायकल काढून गेला.

परत आला तो दुपारी. ड्रायव्हर डबे उघडून बसले होते. त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत माती होती. त्याने सांगितलं की म्हातारी अकरा दिवस खाली ओढ्यातल्या डवऱ्यावरून पाणी आणत होती. डवरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. त्यात तासाभराने तांब्याभर पाणी जमतं. एकदा उतरली की चढायला तिला अर्धा दिवस लागायचा. उरलेला वेळ ती वळणावर येऊन बसायची. याने तिला विचारलं, वाडीत कोण आहे? तिने सांगितलं होतं, "मी हाय ना."

त्याने तिला चार तांबे पाणी डवऱ्यावरून आणून दिलं होतं. मग आला होता.

सगळे जेवायचे थांबले होते आणि माझ्याकडे बघत होते. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "एवढा शिकलेला तू, तुझ्या प्रोग्रामला एक म्हातारी दिसली नाय?"

"दिसली व्हती. आपन काढली."

"आपन नाय. तू. लिव्हलंस तू."

त्याने पँटवरची माती झटकली. मग म्हणाला, "हां, मीच लिव्हलं. माझ्या घरात पन एकच मानूस हाय, शेठ. तुमी बोगस म्हनालात, तरी लिव्हलं."

मी त्याला त्यावर काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "मग तुला एकटं राहायला कोनी सांगितलं?"

बाळारामने डब्याचं झाकण लावलं. हा खुर्चीवर बसला, कम्प्युटर उघडला आणि तासभर काहीतरी लिहीत राहिला. उठताना म्हणाला, वाडी चालू झाली, खेप पाठवा. मी पाठवली. पहिला टँकर तिकडेच गेला, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर तो महिनाभर रोज आला. आधीसारखाच. चहाला बोट लावायचा, पंख्याचं बटण दाबायचा. माझ्याशी कामाचं बोलायचा. मी वाट बघत होतो की आज भांडेल, आज काहीतरी मागेल, मग मीही काहीतरी देऊन टाकीन. माफी मागायची मला सवय नाही, पण देवाणघेवाणीत ती देता आली असती. त्याने काहीच मागितलं नाही. टँकर बंद झाले त्या आठवड्यात त्याने एक फाइल माझ्या खणात ठेवली. कुठलं फंक्शन काय करतं, कुठला पासवर्ड कशाचा, सगळं स्वच्छ अक्षरात. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. फोन बंद.

मी आठ दिवस दम धरला, मग किन्हवलीला गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई धान्य पाखडत होती. मी विचारलं, कुठे गेला? ती म्हणाली, "काय सांगून नाय गेला. डबे आमाला देऊन गेला."

"सगले?"

"सगले. वर लिव्हलंय तेच हाय आत. मी बघितला उघडून."

खिडकीच्या फटीतून मी आत पाहिलं. टेबल होतं, कम्प्युटर नव्हता. फळी रिकामी होती, निळ्या रेघेचा कपही कुठे दिसला नाही. तो त्याने बरोबर नेला असावा.

माझी तक्रार ही आहे. एक फोन करायचा होता. एक शिवी द्यायची होती. मी आयुष्यभर माणसं भांडून कमावली आहेत; ज्यांच्याशी मी रस्त्यावर उभा राहून भांडलो ते आज माझ्याकडे लग्नाची पत्रिका घेऊन येतात. हा पहिल्या दिवशी निम्म्या भावाला चालेल म्हणाला आणि शेवटच्या दिवशी त्याच आवाजात गेला.

त्या दिवाळीनंतर माझी बायको गेली. मुलगा-सून कल्याणला असतात, रविवारी फोन करतात. शहापुरातलं घर मी हौसेने दोन मजली बांधलं होतं. वरच्या मजल्यावर आता मी जात नाही.

यंदा होळी झाल्या झाल्या मी एका मुलीला बोलावलं, याच कामातली, कल्याणची. म्हटलं, प्रोग्राम एकदा बघून घे, जुना झाला असेल. तिने दोन तास बघितला. म्हणाली की काका, यात हात घालण्यासारखं काहीच नाही, इतकं स्वच्छ लिहिलेलं मी कंपनीतही बघितलं नाही. मग म्हणाली, इथे एक वेगळंच आहे, आणि पडद्यावरून वाचून दाखवलं. प्रोग्रामच्या आत, घर जोडण्याच्या फंक्शनपाशी, त्याने स्वतःसाठी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. प्रोग्राम अशा ओळी वाचत नाही, माणसंच वाचतात.

"इथे आधी किमान दोन होतं. चूक माझी, जाऊन बघितलं नव्हतं."

मी तिला म्हणालो, ते पुसू नकोस. ती म्हणाली, मी का पुसू?

ती गेल्यावर मी घर जोडायचा फॉर्म उघडला. हे काम ड्रायव्हर करतात, मी कधी केलं नव्हतं. स्वतःचं नाव घातलं. पाड्यांच्या यादीत मोठी गावंही होती, त्यातून शहापूर निवडलं. माणसं, एक. मला वाटलं, आमच्या त्या जुन्या नियमाचं काहीतरी उरलं असेल आणि तो मला हाकलेल. पडद्यावर आलं, "घर नोंदवलं. या घरी आधी जाऊन या."

मग बाळारामला विचारल्यावर समजलं की गेली दोन वर्षं हे असंच चाललंय. माणसं एक असलेलं घर यादीत सगळ्यात वर येतं, सहाही ड्रायव्हर आधी तिकडे जातात. मालकाला सांगायची कोणाला गरज वाटली नव्हती. माझं घर काढून टाकायला मी बटण दाबलं तर पुढे प्रश्न आला, "जाऊन बघितलं का?" खाली हो आणि नाही. मी "नाही" दाबलं. नोंद राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टँकरचा हॉर्न वाजला. बाळाराम उतरून ओट्यावर आला. म्हणाला, "शेठ, लिस्टीत पयलं नाव तुमचं हाय. आलो बघायला."

मी म्हणालो, डिझेल फुकट घालवू नकोस. पण चहा टाकला. कपाला हात लावायच्या आधी मी म्हणालो, गरम आहे. बाळारामने बोट लावून बघितलं आणि आम्ही दोघंही दुसरीकडे बघायला लागलो.

तो आता रोज येतो. पाच मिनिटं बसतो. म्हातारी गेल्या पावसाळ्यात गेली, मुलगा-सून घरी असताना. तिचं नाव यादीतून काढताना आमच्या ड्रायव्हरने वर जाऊन, बघून, मग हो दाबलं होतं.

एका दुपारी गाळ्यात कोणी नसताना मी परत तो फॉर्म उघडला आणि नावाच्या जागी त्याचं नाव लिहिलं. माणसांच्या जागी एक लिहिलं. मग पाड्याचा रकाना आला. मी तो रिकामा सोडून पाठवलं. परत आलं, "पाडा निवडा." त्या जागी मी "माहीत नाही" लिहून पाहिलं. घेतलं नाही. यादीत नसलेलं काही तो घेत नाही, मालक कोण ते त्याला ओळखता येत नाही.

यादीत किन्हवली होतं. ते निवडलं असतं तर दार उघडलं असतं, नाव सगळ्यात वर गेलं असतं आणि बाळाराम सकाळी तिकडे गेला असता. पण किन्हवलीला मी स्वतः जाऊन बघितलं होतं.

मी तळहात टेबलावर पालथा ठेवला. बाहेर टँकर भरत होता, पाइपातून पाण्याचा आवाज येत होता. पडद्यावर त्याचं नाव होतं, त्यापुढे एक होतं आणि खाली रिकामा रकाना मला विचारत होता की हे घर कुठे आहे.